आसामातल्या कोक्राझारचा बोडो आदिवासी आणि मुसलमान यांच्यातला हिंसाचार म्हणजे आपल्याकडच्या परप्रांतीय वादाचंच मोठं रूप का?

नाही. वरवर सारखं दिसतं एवढंच.

२००८च्या फेब्रुवारीत मी अंबड एमआयडीसीत कामाला होतो. मनसेच्या आंदोलनात उत्तर भारतीय कामगार मिळेल त्या गाडीनं नाशिक सोडून गेले, आणि दगडफेकीत जीव गेला तो एचएएल या विमान कारखान्यातल्या एका मराठी कर्मचाऱ्याचा. पण कारखान्यांना माणसं हवीच होती, त्यामुळे गेलेल्यांतले बरेच जण परत आले. भांडण नोकऱ्यांचं आणि मतांचं होतं. कोणी कोणाची शेती मागत नव्हतं.

कोक्राझारला मुळात प्रश्न शेतीचा. इंग्रजांना पडीक जमिनीतून सारा हवा होता, म्हणून मैमनसिंगकडचे (आताच्या बांगलादेशातले) बंगाली मुसलमान शेतकरी ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात येऊ दिले. मग १९२०च्या सुमारास ‘लाइन सिस्टिम’ आणली, म्हणजे रेघेपलीकडे बाहेरच्यानं जमीन घ्यायची नाही. १९४७ला कायद्यानं आदिवासी पट्टे ठरवले. आपल्या नाशिकच्या पेठ-सुरगाण्यातली आदिवासींची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही, हेतू साधारण तोच. (पळवाटा इकडेही आहेत, तो वेगळा विषय.) तिकडे मात्र पट्ट्यांत अतिक्रमणं होत राहिली आणि एकामागून एक सरकारं बघत राहिली.

तरीही माझ्या मते खरी मेख १९९३च्या बोडो करारात आहे. सरकारनं बोडोंना त्यांच्या भागाचा कारभार पाहायला स्वायत्त परिषद दिली; तिच्यात गाव घ्यायचं तर तिथे आदिवासी, म्हणजे आसामात एसटी धरलेली, लोकसंख्या निम्मी हवी, अशी अट. जिथे ती भरत नव्हती तिथे दुसऱ्यांना हाकलणं हा बोडो अतिरेक्यांना सरळ हिशेब वाटला. १९९६ला मार खाल्ला तो संथाळांनी. ते काही सीमेपलीकडून आलेले नव्हेत, झारखंडकडचे आदिवासी, पिढ्यान्‌पिढ्या आसामातच राहणारे. लाखाहून जास्त माणसं छावण्यांत गेली. ‘सगळं बांगलादेशी घुसखोरीमुळे’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आमच्या गेटवर कोक्राझार जिल्ह्यातल्या गोसाईगावकडचा एक संथाळ वॉचमन होता. लहानपणाची काही वर्षं त्यानं छावणीतच काढलेली. एकदा कसलासा फॉर्म भरताना मी सहज म्हटलं, एसटीचा दाखला जोड. तो हसला. “साहेब, झारखंडमध्ये माझे नातेवाईक एसटी, मी आसामचा म्हणून नाही.” जात पडताळणीसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला हे काय असतं ते वेगळं सांगायला नको.

२००३च्या दुसऱ्या कराराने नवी परिषद आली. ४६ पैकी ३० जागा अनुसूचित जमातींना राखीव, आणि भागात त्यांची लोकसंख्या जेमतेम एक तृतीयांश. बाकीच्यांना वाटलं आपला आवाजच गेला, बोडोंना भीती की हेही कधीतरी काढून घेतील. जुलै २०१२मध्ये आधी काही मुसलमानांचे खून झाले, मग २० तारखेला जमावानं चार माजी बोडो बंडखोरांना मारलं, आणि वणवा पसरला. सुमारे चार लाख लोक विस्थापित झाले. त्यांत मुसलमान जास्त, पण बोडोंचीही गावं जळाली.

२०२०ला तिसरा करार झाला. त्यातही आयोग नेमून आदिवासी बहुसंख्य असलेली लगतची गावं आत घ्यायची आणि बिगरआदिवासी बहुसंख्य असलेली बाहेर काढायची, हे कलम आहेच.