शेअर विकून परत घेतले, तर टॅक्स लागते का?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो, सहा एकर कापूस न तूर, दुसरं उत्पन्न नाही. २०२२ मध्ये घेतलेले शेअर २०२५-२६ या वर्षात विकले, २ लाख १० हजार फायदा झाला, न दुसऱ्याच दिवशी तेच परत घेतले. पैसा हाती आलाच नाही, मग टॅक्स काऊन? आणखी एक शेअर, दिवाळीत घेतलेला, ४० हजार लॉसमध्ये आहे, तोही मार्चच्या आत विकून परत घ्यावं म्हणतो, पण भाचा म्हणते ३० दिवस थांबा लागते.

उत्तर : भाऊ, पैसा हाती आला का नाही हे कायदा पाहतच नाही. कापूस विकून त्याच पैशाचं खत आणलं तरी कापूस विकलाच ना, तसंच हे. विकलं तिथंच फायदा धरला जाते. दुसऱ्या दिवशी घेतले ते मात्र चांगलं केलं, त्याच दिवशी घेतले असते तर इंट्राडे (एकाच दिवसातली खरेदी-विक्री) झालं असतं, शेअर डिमॅटमधून, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यातून, हललेच नसते न लाँग टर्मचा, म्हणजे वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअरचा, हिशोबच बसला नसता.

आता आकडा. एक वर्षाच्या वर ठेवलेल्या शेअरवर १ लाख २५ हजारापर्यंत टॅक्स नाही, उरलेल्या ८५ हजारावर साडेबारा टक्के, म्हणजे १०,६२५ न त्यावर ४ टक्के सेस (टॅक्सवरचा जादा कर). पण हे नोकरीवाल्या माणसाचं झालं! तुमचं शेतीचं उत्पन्न टॅक्समधून बाहेर, दुसरं काही नाही, म्हणून टॅक्सच्या नवीन पद्धतीतली (न्यू रिजीम) बिनटॅक्स उत्पन्नाची ४ लाखाची मर्यादा अख्खी शिल्लक आहे न हा फायदा तिच्यातच बसते. टॅक्स शून्य. हे कास्तकारांना कोणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहून राहिलो.

३० दिवसांचं म्हणाल तर तो अमेरिकेतला नियम आहे, लॉसमध्ये विकून ३० दिवसांच्या आत तोच शेअर घेतला तर तिकडं लॉस धरत नाहीत. आपल्याकडं तसा नियम नाही. तरी तो दिवाळीतला शेअर आत्ता टॅक्ससाठी विकू नका राजेहो, कारण लॉस आधी याच वर्षीच्या फायद्यातून कापला जाते, तिथं तुम्हाला टॅक्सच नाही, म्हणजे ४० हजाराचा लॉस फुकट जाईन. ज्या वर्षी खरंच टॅक्स बसत असेल त्या वर्षी तो कामी आणा, न उरलेला लॉस पुढच्या वर्षांच्या फायद्यातून कापायचा असला तर रिटर्न मुदतीतच भरा, मग ८ वर्षं चालते.

अन परत घेतलेल्या शेअरचं वर्ष नव्या तारखेपासून मोजा, २०२२ पासून नाही. खरेदीचा भावही आता नवाच धरायचा.