देव प्रेमळ आणि सर्वशक्तिमान असेल, तर जगात इतकं दुःख आणि दुष्टपणा का? ख्रिस्ती लोक याचं काय उत्तर देतात?

मी ख्रिस्ती आहे. पाळक किंवा धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. दुःख म्हणजे पापाची शिक्षा असं आम्ही मानतो का, हेही तुम्ही विचारलंय. आधी तेच घेतो.

काही जण मानतात. येशूच्या शिष्यांचाही तसाच समज होता. जन्मांध माणूस दिसल्यावर त्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का, असं त्याने लोकांना विचारलं आणि 'नाही' हे उत्तरही स्वतःच दिलं. पापाचे परिणाम भोगावे लागतात, हे बायबलमध्ये जागोजागी आहे. पण एखाद्यावर संकट आलं म्हणजे त्याने काहीतरी केलंच असणार, हा उलटा हिशेब येशूला मान्य नव्हता.

आता मुख्य प्रश्न. चर्चमध्ये सहसा मिळणारं उत्तर म्हणजे इच्छास्वातंत्र्य. प्रेम जबरदस्तीने करून घेता येत नाही. माणसाला 'नाही' म्हणायची मोकळीक द्यायची, तर खून, फसवणूक, छळ यांचीही वाट उघडी राहते. देव आणि दुष्टपणा एकाच जगात असणं तर्काला सोडून नाही, एवढंच या युक्तिवादातून दाखवता येतं, असं आल्विन प्लँटिंगा या तत्त्वज्ञाने 1974 मध्ये नेमकेपणाने मांडलं. हे मला पटतं, पण अर्ध्यापर्यंतच. 1 नोव्हेंबर 1755 ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर चर्च कोसळली. त्यात कुणाची मोकळीक होती?

दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाच्या विचारात माणूस अपुरा घडलेला आहे आणि हळूहळू परिपक्व होत जातो. कष्ट-दुःखाने माणूस घडतो, हा पुढे रुजलेला युक्तिवाद त्यातूनच आला. मोठ्या माणसाबाबत हे समजू शकतो. तान्ह्या बाळाला असाध्य आजार होतो, तेव्हा नक्की कोण घडतं?

म्हणूनच मला बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक जास्त प्रामाणिक वाटतं. ईयोब नीतिमान आहे, तरी त्याची दहाही मुलं एका दिवशी मरतात. मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्दही न बोलता. तिथवर ते चांगले मित्र असतात. मग तोंड उघडतात आणि समजावू लागतात: देव अन्याय करत नाही, तेव्हा तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाला जाब विचारत राहतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. शेवटी देव बोलतो, पण कारण सांगत नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे उलट प्रश्न विचारतो. पहिल्या दोन अध्यायांत देव स्वर्गात सैतानाला ईयोबाची परीक्षा घेऊ देतो, ते वाचकाला कळतं, ईयोबाला शेवटपर्यंत नाही. आणि देवाचा राग होतो तो मित्रांवर! तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, असं तो त्यांच्यातल्या अलीफजला सुनावतो. लेकरू गमावलेल्या आईबापांना कुणी 'देवाची काहीतरी योजना असेल' म्हणालं, की मला हा अलीफज आठवतो. (88 वं स्तोत्रही वाचा. ते अंधारातच संपतं आणि तरीही प्रार्थना म्हणून बायबलमध्ये टिकलंय.)

तेव्हा 'का?' याचं पूर्ण उत्तर बायबल देतं, असं मी म्हणणार नाही. ते वेगळंच काही सांगतं: देव या दुःखाच्या बाहेर राहिला नाही. मेलेल्या लाजर या मित्राला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत त्याने हा दुःखाचा प्याला टळू दे अशी प्रार्थना केली आणि तो टळला नाही. वधस्तंभावर 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हा आपलाच प्रश्न त्याच्या तोंडी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, देवही रडला याने माझं दुःख कसं कमी होतं? नुसत्या रडण्याने होत नाही, बरोबर. ख्रिस्ती आशा पुनरुत्थानावर आहे: मरण आणि अन्याय यांचा शेवट होणार आणि त्याची सुरुवात येशूच्या उठण्याने झाली. ते घडलंच नसेल तर आमचा विश्वास व्यर्थ आहे, असं प्रेषित पौलानेच करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहून ठेवलंय. त्यामुळे माझ्याशी वाद घालायचा असेल, तर तो इच्छास्वातंत्र्यावर नको, या मुद्द्यावर घाला.