शेजारी पॉवरलूम, घरात ऑनलाइन शिकवणी: उबंटूवर माइकचा गोंगाट कमी करताना

ताई, घर वडगावात, भिंतीपलीकडे माग, लॅपटॉपवर उबंटू २२.०४ (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) आणि मुलं म्हणतात "मॅडम, नुसतं खटखट ऐकू येतंय". आवाज गाळणारं कुठलं फिल्टर टाकू, असं तुम्ही विचारलंय. फिल्टर सांगतो, पण ते सगळ्यात शेवटी. त्याआधी तुमचा आवाज मागापेक्षा मोठा होऊन माइकमध्ये शिरला पाहिजे.

लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन फुटांवर असतो. साधा वायरचा इयरफोन लावून त्याचा माइक अर्ध्या फुटावर आणलात, तर तुमचा आवाज साधारण १२ डेसिबलने, म्हणजे चौपट वाढतो. माग आहे तिथेच राहतो. एवढा फरक कुठलंही सॉफ्टवेअर फुकटात देत नाही. सेटिंग्जमध्ये साउंडखाली इनपुटला तोच माइक निवडलाय ना, तेवढं बघा.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आल्सामिक्सर (alsamixer) हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्रॅम चालवा. एफ-६ ने साउंड कार्ड निवडा, एफ-५ ने सगळ्या पट्ट्या समोर येतील. त्यात माइक बूस्ट नावाची पट्टी सापडली तर ती शून्यावर किंवा एका पायरीवर आणा. बऱ्याच लॅपटॉपवर ती ३० डेसिबलपर्यंत जाते, म्हणजे सुमारे ३२ पट! तेवढ्या बूस्टवर धोट्याचा (मागात इकडून तिकडे धावणाऱ्या तुकड्याचा) प्रत्येक ठोका माइकची मर्यादा ओलांडतो, आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठलंच फिल्टर नीट सांधू शकत नाही. कमी पडलं तर कॅप्चरची, म्हणजे माइकच्या पातळीची पट्टी वाढवा. नव्या लॅपटॉपच्या डिजिटल माइकला बूस्टची पट्टी बहुधा नसतेच, तिथे कॅप्चरच सांभाळायची. झूम वापरत असाल तर त्यात माइकचा आवाज आपोआप कमीजास्त करणारी खूण असते, तीही काढा, नाहीतर ते तुमची मेहनत पुसून टाकतं.

लाइट गेली की माग थांबतात. तेव्हा बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. उरलेली सळसळ लॅपटॉपची स्वतःची. पण लाइट आल्यावर, चार्जर लावताच गुरगुर सुरू झाली तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा चार्जरचा. वायरमनला दाखवा, तोवर तास बॅटरीवर घ्या.

आता फिल्टर. उबंटूत आवाज सांभाळणारी यंत्रणा तुमच्या २२.०४ वर मुळात पल्सऑडिओ आहे, तिच्या जागी पाइपवायर २२.१० पासून आलं. गोंगाट गाळणाऱ्या प्रोग्रॅमपैकी ईझीइफेक्ट्सला पाइपवायर लागतंच, म्हणून तुम्ही नॉइजटॉर्च घ्या, ते दोन्ही यंत्रणांवर चालतं. या दोन्ही प्रोग्रॅमच्या पोटात गोंगाट ओळखून काढणारं आरएननॉइजच आहे. नॉइजटॉर्च सुरू करून मीटमध्ये माइक म्हणून तेच निवडा आणि मीटचं स्वतःचं नॉइज कॅन्सलेशन असेल तर बंद ठेवा. दोन गाळण्या एकावर एक बसल्या की शब्दांची शेपटं गळतात, आणि शुद्धलेखन शिकवताना ते परवडणार नाही.

पंख्याची किंवा मोटरची एकसुरी घरघर आरएननॉइज छान काढतं. धोट्याचे ठोके मात्र तुम्ही बोलत असताना थोडे झिरपणारच. त्यासाठी भिंतीपासून दूरच्या खोलीत बसा, पाठीमागे जाड चादर किंवा गोधडी टांगा. नॉइजटॉर्चमधला बोलणं ओळखण्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, फार वर नेऊ नका. आधी माग चालू असताना एखादा परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा, आणि शेवटची अक्षरं खाल्ली जात असतील तर तो खाली आणा.