फुलं खातंय कोण, आधी ते बघा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस सुरू झाल्यापासून आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतलेत. जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय, कुठलं औषध मारू? आणि मी सगळ्यांना उलट विचारणार की खातंय कोण ते बघितलं का, कारण दिवसा खाणारा वेगळा, रात्री खाणारा वेगळा आणि कळीच्या आत बसून खाणारा तर बाहेरून दिसतच नाही, त्याच्यावर वरून काहीही मारलं तरी त्याला पत्ता लागत नाही.

जास्वंदीला कळ्या भरपूर येतात पण फुलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. पानं चांगली हिरवीगार आहेत. काय कमी पडतंय? (फोंडा)

ताई, खत कमी पडतंय असं समजून आणखी खत घालू नका. गळलेली एक कळी उचला, ब्लेडने उभी चिरा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून नीट बघा. आत पांढुरक्या, दोन-तीन मिलीमीटरच्या अळ्या वळवळताना दिसल्या तर ती डासाहून बारीक माशीची पिल्लं. माशी कोवळ्या कळीत अंडी घालते, अळ्या आतून खातात, कळी गळते आणि मग अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि तीन-चार आठवड्यांत परत नवीन माश्या तयार. हे चक्र मातीपाशीच तोडायचं. रोज सकाळी गळलेल्या कळ्या, आणि झाडावरच्या पिवळ्या पडायला लागलेल्या पण, वेचून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, तोंड घट्ट बांधून उन्हात टाकायची. कंपोस्टच्या ढिगात अजिबात नको. एक महिना न चुकता करा, मध्ये चार दिवस सोडलं की परत पहिल्यापासून. कळीत काहीच सापडलं नाही तर मुळाशी पाणी साचतंय का ते बघा, आपल्याकडच्या पावसात कुंडीचं भोक बुजलं तरी कळ्या गळतात.

काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे किडे सकाळी येऊन जास्वंदीची फुलंच खातात, दुपारपर्यंत नुसते देठ उरतात. चवथीला देवाला फूल मिळणार नाही असं वाटतंय. हाताने काढले तर चालेल? (डिचोली)

हाताने नको! काकी, हे महत्त्वाचं आहे म्हणून आधी सांगते. हा फोडभुंगा, इंग्रजीत ब्लिस्टर बीटल म्हणतात तो. त्याला दाबलं की अंगातून जो रस येतो त्यात कँथरिडिन नावाचं विष असतं, कातडीला लागलं की काही तासांत फोड येतात, आणि तोच हात डोळ्याला लागला तर फार वाईट. जाड रबरी हातमोजे घाला, पसरट भांड्यात साबणाचं पाणी घ्या, भांडं फुलाखाली धरून फांदी हलवा, सकाळी लवकर ते सुस्त असतात, टपाटप खाली पडतात. नातवंडांना लांब ठेवा.

श्रावण-भाद्रपदात यांचा जोर असतो, जास्वंद, भेंडी, झेंडू काही सोडत नाहीत. चवथीची फुलं वाचवायची असतील तर ज्या कळ्या दुसऱ्या दिवशी फुलणार त्यांच्यावर आदल्या संध्याकाळी मलमलच्या नाहीतर जुन्या मच्छरदाणीच्या छोट्या पिशव्या बांधा, हा उपाय साधा आहे आणि कुठल्याही फवाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे. आणि एक सांगते, याची पिल्लं जमिनीत टोळांची अंडी खातात, म्हणून सगळ्या परसातले शोधून शोधून मारायची गरज नाही, फुलांवरचे काढा, पुरे.

मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या होऊन सुकतात, काहींना भोक पडलंय. दुकानातून एक औषध दिलं, वास इतका भयंकर की नंतर कळ्या वेणीला घ्यायची भीती वाटते. (म्हापसा)

भीती बरोबर आहे तुमची. जे फूल केसात माळायचं, देवाला वाहायचं आणि जे नाकाला लावून हुंगायचं, त्याच्यावर झाडात भिनणारं विष का मारायचं? त्यातली काही औषधं मधमाश्यांनाही मारतात. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि मारलेल्या झाडाची फुलं सध्या वापरू नका, लेबलवर मोगरा नाव नसेल तर ते औषध मोगऱ्यासाठी नव्हतंच.

आता कळ्या. दोन वेगळे उपद्रव एकत्र आलेले दिसतात. भोक पडलेली कळी, आत हिरवट पांढरी, काळ्या डोक्याची अळी, आणि दोन-चार कळ्या जाळीने एकमेकींना चिकटवलेल्या, ही कळी पोखरणारी अळी. एक कळी संपली की ती शेजारच्या कळीत शिरते, म्हणून जाळी दिसली की पूर्ण झुपका खुडायचा, एक कळी काढून भागत नाही. भोक नाही, पण कळी खुरटलेली, बुडाशी फुगीर आणि जांभळट झालेली असली तर आत बारीक माशीच्या अळ्या, त्याला वर जास्वंदीला सांगितलं तेच, वेचा आणि पिशवीत बांधा.

अळीसाठी बीटी नावाची पावडर मिळते, बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू असतो त्यात, अळीने खाल्ला की तिचं पोट बिघडून ती मरते. पण अळी कळीत शिरायच्या आधी पावडर फवारली तरच उपयोग, म्हणजे कळ्या मोहरीएवढ्या असतानाच, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, संध्याकाळी. नाहीतर नीम तेल, एक लिटर पाण्याला ५ मिली, तेलात आधी थोडा लिक्विड सोप घोटून मग पाणी, नुसतं तेल पाण्यात मिसळत नाही आणि पानं करपतात. उमललेल्या फुलांवर मारू नका. पाऊस पडला तर परत मारावं लागेल. आणि थंडीत मोगरा चांगला छाटा, जुन्या दाट फांद्यांत कीड लपून राहते, छाटणीनंतर झाडाखालची माती उकरून उन्ह लागू द्या.

गुलाबाची पानं आणि पाकळ्या रात्रीत कुरतडलेल्या, सकाळी झाडावर काहीच सापडत नाही. पहिला पाऊस पडला तेव्हापासून सुरू झालं. (साखळी)

भाऊ, अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. पहिल्या पावसाने माती भिजली की तपकिरी भुंगेरे जमिनीतून वर येतात, काळोख पडला की झाडावर, उजाडायच्या आत परत मातीत. टॉर्च घेऊन जेवणाच्या आधी एक फेरी मारा, झाड हलवा, खाली साबणाच्या पाण्याची बादली. बाहेरचा दिवा थोडा वेळ लावून त्याच्याखाली असंच पसरट भांडं ठेवलं तरी पडतात, पण रात्रभर ठेवू नका, चांगले किडेही मरतात.

यांचीच पिल्लं म्हणजे हुमणी, मुळं खातात. कच्चं शेण कुंडीत घालत असाल तर ते बंद करा. शेणखताचा ढीग उलटून बघा, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या जाड पांढऱ्या अळ्या मिळाल्या तर काढून कोंबड्यांना घाला. त्यातल्या खूप मोठ्या असतील त्या माडाचा कोंब खाणाऱ्या गेंड्या भुंग्याच्याही असू शकतात, म्हणजे ढीग साफ केला की माडांचाही त्रास कमी.

पानांना कात्रीने कापल्यासारखे गोल काप दिसले तर ती पानं कापणारी मधमाशी, घरट्यासाठी नेते. तिला काही करू नका.

दसऱ्यासाठी रोजांची (झेंडूची) रोपं लावली, मोठ्या गोगलगाई एका रात्रीत फस्त करतात. घरात कुत्रा आहे. (पेडणे)

कुत्रा आहे तर गोगलगाईच्या निळ्या गोळ्या, मेटाल्डिहाइडच्या, आणूच नका, कुत्रा खाऊन मरू शकतो. ही आफ्रिकन गोगलगाय, एका वेळी शंभरावर अंडी घालते म्हणून चार मारून संपत नाही. ओलं गोणपाट पसरून खाली पपईची पानं ठेवा, सकाळी सगळ्या तिथेच जमतात. हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका, मीठ वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. नुसत्या हाताने नको म्हणते कारण तिच्या अंगात माणसाच्या मेंदूला त्रास देणारा जंत असू शकतो. मातीत पिवळसर मण्यांसारखी अंडी दिसली तर तीही काढा. रोपं वीतभर होईपर्यंत ट्रेमध्ये उंचावर वाढवा, मग लावा.

तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी, डोळ्यांसारखे निळे ठिपके. मारू का? (काणकोण)

नको. ती फुलं नाही, पानं खाते, आणि तिचा मोठा सुंदर हिरवा पतंग होतो. जमिनीतलं मोठं झाड पानं परत काढतं. कुंडीतलं लहान झाड असेल तर फांदीसकट उचला आणि दुसऱ्या मोठ्या तगरीवर नाहीतर कण्हेरीवर सोडून द्या.