घाटमाथ्यावरची बुडबुड: हेड खोलण्याआधी झाकण बघा

प्रश्न: माझ्याकडे २००८ सालची डिझेल पिकअप आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या भरून देवगडहून फोंडा घाटाने कोल्हापूरला जातो. दाजीपूरला चहासाठी गाडी बंद केली की बॉनेटखालून भात रटरटल्यासारखा बुडबुड आवाज बराच वेळ येत राहतो. हल्ली सकाळी गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या आतूनही पाणी खळखळतं. घाट चढून आल्यावर बाजूची बाटली काठोकाठ भरलेली असते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिएटर उघडला तर पाणी तांब्याभर कमी! काटा मात्र लालपर्यंत जात नाही. एक मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) गेलं, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाका. हंगाम तोंडावर आलाय. काय करू?
– एक आंबा बागायतदार, देवगड तालुका

उत्तर: तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य बाटलीचं आहे. रात्री बाटली भरलेली आणि सकाळी रेडिएटर कमी, म्हणजे पाणी रस्त्यावर सांडलेलं नाही. ते बाटलीत गेलं आणि तिथंच अडकलं.

रेडिएटरच्या झाकणात दोन वॉल्व असतात. इंजिन तापलं की पाणी फुगतं, झाकणाची मोठी स्प्रिंग ठरलेल्या दाबाला उचलली जाते आणि जादा पाणी बाटलीत जातं. इंजिन थंड झालं की पाणी आक्रसतं. तेव्हा झाकणाच्या मधला छोटा वॉल्व उघडून तेच पाणी परत ओढून घेतो. तुमच्याकडे पाणी जातंय, पण परत येत नाही. त्याच्याऐवजी हवा आत ओढली जातेय. ही हवा वर चढते आणि हीटरच्या नळ्यांत जाऊन बसते. सकाळची खळखळ तीच.

आता दाजीपूरची बुडबुड. अशा झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा, बारमध्ये. ०.९ बार दाबाखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. झाकण दाब धरत नसेल तर साधं पाणी शंभरलाच उकळणार, आणि घाटमाथ्यावर हवेचा दाब कमी म्हणून त्याच्याही दोन-तीन अंश आधी. भरल्या गाडीने घाट चढून तुम्ही चावी फिरवता, त्या क्षणी पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही थांबतात. हेडमधली उष्णता जागच्या जागी पाण्यात उतरते आणि पाणी उकळायला लागतं. काटा लालमध्ये का जात नाही, तेही यातच आलं: बिनदाबाचं पाणी काटा लालला पोचायच्या आधीच उकळतं.

म्हणून माझा पहिला संशय झाकणावर आहे. गाडी रात्रभर थंड झाल्यावर झाकण काढा. गरम रेडिएटरचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, फडकं धरूनसुद्धा उघडू नये. वाफेनं सोललेले हात मी गॅरेजात पाहिलेत. झाकणाच्या रबरावर नख दाबा. रबर कडक झालं असेल, चिरलं असेल किंवा त्यावर गोल खाच पडली असेल तर ते बाद. मधला छोटा वॉल्व नखानं ओढून सोडा, टिचकन बसला पाहिजे. मग रेडिएटरच्या गळ्यात जिथं रबर टेकतं ती कड बोटानं तपासा. तुमच्याकडे समुद्राची खारी हवा. पितळी कडेवर हिरवट खरपुडी धरते आणि नवं झाकणसुद्धा तिथं नीट बसत नाही. शेवटी बाटलीकडे जाणारी बारीक नळी. दोन्ही टोकांना ती चिरते. बाटलीत तिचं टोक पाण्यात बुडालेलं हवं, नाहीतर ती हवाच ओढणार. नवं झाकण घेताना आकडा जुन्याइतकाच घ्या. जास्त दाबाचं घातलंत तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे सोसणार नाहीत.

तरीही हेड गॅस्केटचा संशय मी झटकून टाकत नाही, कारण तेही पाणी बाटलीत फेकतं. पण हेड खोलण्याआधी परीक्षा घ्या. थंड इंजिनात गळ्यापर्यंत पाणी भरा, झाकण लावा, गाडी चालू करा. पहिल्या दोन-तीन मिनिटांत, होज हाताला गार असतानाच, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाबलेला वायू, पाण्यात येतोय. पाण्याला तापून फुगायला एवढ्यात वेळच मिळालेला नसतो. दुसरी खूण: झाकण काढून गार इंजिन चालू ठेवा. अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतात आणि संपतात. गॅस्केटचे संपत नाहीत, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढतात. खात्री हवी असेल तर निळ्या द्रावाची परीक्षा करणारं गॅरेज शोधा. रेडिएटरच्या गळ्यावरची हवा त्या द्रावातून ओढतात, जळका वायू असेल तर निळा रंग हिरवट-पिवळा होतो. गाडीला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्यानं गार करणारा भाग) असेल तर तो फुटूनही असाच वायू येतो, तेव्हा रंग बदलला की लगेच हेडवर पाना लावू देऊ नका.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. तो साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो आणि इंजिनला कामाच्या तापमानावर ठेवतो. तो काढला की सपाटीला डिझेल इंजिन थंडच चालतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. काही इंजिनांत तर बायपासची वाट कायम उघडी राहून पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच फिरत राहतो. संशय असेल तर तो काढून पाण्यात टांगा, पाणी तापवा आणि थर्मामीटरवर नजर ठेवून तो उघडतो का बघा. अडकला असेल तर नवा बसवा. यासाठी जुनं डबडं वापरा, घरातलं पातेलं नको. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून काढलेलं कूलंट गोठ्याजवळ किंवा कुत्रं येईल अशा जागी उघडं ठेवू नका.

झाकण बदललं की आत बसलेली हवा काढावी लागेल. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हीटर पूर्ण गरमवर. झाकण न लावता थंड इंजिनात हळूहळू भरत जा: निम्मं कूलंट, निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका, त्याचे क्षार आत थर धरतात. इंजिन आयडलवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेवढं भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. त्याच दिवशी रेडिएटरच्या जाळीतली लाल धूळ आणि किडे इंजिनकडच्या बाजूनं कमी दाबाच्या पाण्यानं बाहेर काढा. प्रेशर वॉशर मारला तर पाकळ्या वाकतात.

पेट्या भरून पुन्हा घाट चढाल तेव्हा दाजीपूरला पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला राहू द्या. बाटलीवर सकाळच्या थंड पातळीची मार्करनं खूण करा आणि काही फेऱ्या रोज बघा. पातळी तिथंच राहिली आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला मिळाला तर हंगाम निर्धास्त करा. उतरत राहिली तर रेडिएटरला पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या आणि वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून थेंब येतो का बघायला सांगा. आणि वरची होजची परीक्षा गॅस्केटकडेच बोट दाखवत असेल, तर तशा गाडीत पेट्या भरू नका. हेड उतरवल्यावर ते वाकलंय का हे सरळपट्टी लावून तुमच्या डोळ्यांदेखत मोजून घ्या आणि मगच फेस मारायला, म्हणजे घासून सपाट करायला, द्या.