नात शॅलेत, आजी यावलला

तुमचं पत्र मिळालं. लेक एकोणीस वर्षांची, जन्म मँचेस्टरचा. कॉलेज सुरू होण्याआधीचा हिवाळा फ्रेंच आल्प्समध्ये स्की शॅले होस्ट म्हणून काढायचा म्हणते. तुमची ना नाही. घोडं अडलंय यावलला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नात लोकांची अंथरुणं झटकायला चालली का?" आता 'हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स आहे' असं सांगून वेळ मारून न्यावी का, हे तुम्ही मला विचारताय.

मुळीच नको. काम आहे तसं सांगा. डोंगरातल्या लाकडी घरात आठवड्यासाठी दहा-बारा पाहुणे उतरतात. होस्टनं पहाटे उठून त्यांचा नाश्ता करायचा, खोल्या आणि बाथरूम आवरायचे, दुपारच्या चहाचा केक भाजून टेबलावर झाकून ठेवायचा. मग चार तास बर्फात मोकळी. संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी. पाहुणे बदलतात त्या दिवशी, म्हणजे बहुधा शनिवारी, कंबरेचा काटा ढिला होतो. पगार जुजबी, पण राहणं, जेवण आणि स्की पास, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट, बहुतेक ठिकाणी मिळतं.

केळीच्या बागेतल्या माणसांसाठी चुलीपुढं बसून कळण्याच्या भाकरी थापलेल्या बाईला यात न समजण्यासारखं काय आहे? आमच्या जळगावकडे थंडीत शेतावर भरीत पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना घरची सून काळीकुट्ट होते आणि तिचं कौतुकच होतं. तेच काम पगार घेऊन केलं की आपल्याला टोचतं. सासूबाईंना नाही, आपल्याला. हे मी स्वतःलाही धरून म्हणतेय.

मला खरी काळजी कागदांची आहे. लेकीचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर 1 जानेवारी 2021 पासून फ्रान्समध्ये नोकरीसाठी परवानगी लागते, आणि त्यासाठीचा अर्ज मालकानं करायचा असतो. पासपोर्ट भारतीय असेल तर ब्रिटनचा व्हिसा तिथं कामाचा नाही. 'आधी पर्यटक म्हणून ये, मग बघू' म्हणणाऱ्या मालकाला तिथंच नमस्कार करा. शिवाय सीझन डिसेंबर ते एप्रिल, आणि ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसाविना राहायची मुभा 180 दिवसांत 90 दिवसांचीच. करार लेखी हवा. विम्यात स्कीइंग धरलंय का, तेही वाचून घ्या. साध्या प्रवास विम्यात ते बहुधा नसतं.

आणि तिला स्वयंपाक येतो का, हे तुम्ही लिहिलंच नाही. मुलाखतीआधी दोन दिवस घरी दहा जणांचं जेवण तिच्या एकटीवर सोडा; बाजारापासून भांड्यांपर्यंत. तुम्ही स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. वाल तोरन्ससारखं गाव 2300 मीटरवर आहे, तिथं पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ शिजता शिजत नाही, केक भसकन फुगतो आणि बसतो. कुकर लागतो, बेकिंग पावडर कमी करावी लागते.

सासूबाई एकदा राजी झाल्या की सामान पाठवतील, ते आधीच सांगून ठेवते. मसाला, शेव चालेल. दूध-तुपाचे पदार्थ मात्र बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत, आणि ब्रिटनहून जाणंही आता बाहेरूनच झालं. त्या ऐकायच्या नाहीत. बॅगेची चेन लावण्याआधी तळाचे कपडे उचलून बघा, बरणी तिथंच असेल.