जुन्या बसची डिझेल लाइन: सुरुवात इथून करा

जुन्या बसची डिझेल लाइन दुरुस्त करून अपग्रेड कशी करायची, असं विचारलंत; आधी एकच सांगतो, इंजेक्शन पंप (इंजेक्टरकडे जोरदार दाबाने डिझेल ढकलणारा पंप) उघडू नका. बस सकाळी लवकर सुरू होत नसेल, चालता चालता दम तोडत असेल, तर आधी टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) ही ओढीची बाजू बघा. तिथल्या तडकलेल्या नळीतून इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. डाग दिसत नाही, म्हणून नवखा माणूस हमखास फसतो. फिल्टरच्या आधी पारदर्शक डिझेल नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे लगेच दिसतील.

नेहमीच्या चुका:
- टाकीतला गाळ न काढता नवा फिल्टर बसवणे
- तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरणे
- फिल्टर बदलल्यावर एअर (लाइनमध्ये अडकलेली हवा) न काढता स्टार्टर मारत राहणे

आणि इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) फवाऱ्यासमोर हात कधीच नको, तो कातडीत घुसतो. अपग्रेडचं नंतर बोलू. नळ्या बदलल्यात की कळवा.